खालचा पाव

"झाला वरचा पाव. आता वडा काडा, साहेब."

केरबातात्या माझ्या टेबलासमोर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते आणि मिशीतल्या मिशीत हसत होते. माझ्यापुढं दोन पानी फॉर्म होता. 'कर्मचाऱ्याची बलस्थाने' या रकान्यात मी नुकतंच लिहिलं होतं, 'अकरा वर्षांत यांच्या हातून तडकलेला एकही नग बाहेर गेलेला नाही.' ते त्यांना वाचून दाखवलं, त्यावर त्यांचं हे उत्तर. खालचा रकाना होता 'सुधारणेस वाव'. तिथं काय लिहावं हे मला सुचत नव्हतं.

आधी ही वडापावाची भानगड सांगतो.

कोल्हापूरच्या एमआयडीसीत आमची फाउंड्री. ट्रॅक्टरचे ब्रेक-ड्रम ओतायचे हे काम. मी तिथं तपासणी विभागाचा सुपरवायझर होतो, आणि केरबा पोवार हे माझ्या विभागाचे कान होते. कान म्हणजे अगदी खरोखरचे कान. ओतून थंड झालेला ड्रम ते आकड्याला टांगायचे, छोट्या हातोडीनं टोला द्यायचे आणि ऐकायचे. चांगला नग टण्ण वाजतो आणि वाजतच राहतो. आत कुठं केसाएवढा तडा असला तर 'थड' होतं आणि आवाज जागीच मरतो. बाजारात बायका मडकं वाजवून घेतात, तसंच हे. फरक इतकाच, की मडकं फुटलं तर पाणी सांडतं आणि ब्रेकचा ड्रम फुटला तर उसाची ट्रॉली माणसांवर जाते. नग पास झाला, की तात्या काडीला चिंधी बांधून केलेल्या कुंचल्यानं ड्रमच्या आतल्या कडेला पिवळा ठिपका द्यायचे. मोहरीएवढा. तो ठिपका असल्याशिवाय माल ट्रकमध्ये चढत नसे.

त्या वर्षी कंपनीनं पुण्याहून ऋता आठल्ये नावाच्या बाई आणल्या, कर्मचारी विभागाच्या प्रमुख म्हणून. बाई वाईट नव्हत्या. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं तुम्हाला त्यांचा राग येईल. त्यांनी आम्हा सुपरवायझरांना दोन दिवस बसवून शिकवलं, की हाताखालच्या माणसाला त्याची चूक कशी सांगावी. शिव्या द्यायच्या नाहीत. चारचौघांत बोलायचं नाही. आधी चांगलं सांगायचं, मग कमतरता सांगायची, आणि उठायच्या आधी परत काहीतरी चांगलं सांगायचं. याला त्यांच्याकडं सँडविच म्हणतात म्हणे.

जेवणाच्या सुट्टीत मी हे केरबातात्यांना सांगितलं. तात्यांनी घास हातातच धरला आणि म्हणाले, "म्हंजे वडापावच की हो! वर पाव, खाली पाव, मधी तिखट."

झालं. चार दिवसांत अख्ख्या फाउंड्रीनं तो शब्द उचलला. "मला आज वडापाव मिळाला." "तुझ्यात वडा किती मोठा निघाला रं?" साचे भरणारा एक जण म्हणाला, "आमच्या साहेबानं निस्ता वडाच हाणला, पाव इसरला." सगळे हसले. तात्या मात्र गंभीरपणे म्हणाले, "वरचा पाव नसला तरी एक वेळ चालतंय. खालचा पायजेच. न्हाईतर वडा हाताला पोळतो."

तर असा तो वडा आता तात्या माझ्याकडं मागत होते.

"तात्या, तुमच्यात काय वडा काढू मी?" मी म्हणालो. "पण रकाना रिकामा ठेवला तर बाई फॉर्म परत पाठवतात. सुधारायला जागा नाही असा माणूसच नसतो, असं त्यांचं म्हणणं."

"बरोबर हाय त्यांचं." तात्यांनी उठून केबिनचं दार लोटलं. परत येऊन बसताना खुर्ची थोडी तिरकी करून घेतली. "साहेब, ह्या कागदाचं पुढं काय हुतं?"

"काही होत नाही. म्हणजे, चांगलंच होतं. कुणाला कशाची मदत लागते ते कंपनीला कळतं. चष्मा म्हणा, ट्रेनिंग म्हणा. पगाराशी, नोकरीशी याचा काडीचा संबंध नाही. बाईंनी आम्हाला तसा शब्द दिलाय."

"आणि तुमी?"

"मी काय?"

"तुमी शब्द देतासा?"

"देतो की," मी म्हणालो. एवढं सोपं होतं ते.

तात्यांनी डाव्या कानाच्या पाळीला बोट लावलं. "मग लिवा. ह्यो गेलाय. दोन वर्सं झाली. काय म्हंजे काय येत न्हाई ऐकू. अठ्ठावीस वर्सं त्या भट्टीच्या पंख्याखाली काडली, त्येचं बक्षीस. उजवा ठणठणीत हाय, त्येची काळजी करू नगासा. पर त्यो बी जायच्या आधी कायतरी बघाय पायजे. कंपनीनं कानाचं मशीन दिलं तर बरं हुईल. तीन वर्सं काडायची हाईत अजून."

मी थक्क झालो. नग वाजवताना तात्या मान वाकडी करून उजवी बाजू खाली नेतात, हे मी रोज बघत होतो. मला वाटायचं, ही त्यांची ऐट आहे. तबलजी नाही का मान तिरकी करत, तसं. आणि या माणसानं दोन वर्षांत एकही तडकलेला नग सोडलेला नव्हता, तोही एका कानावर!

"घरी माहीत आहे?"

"बायकुला ठावं. आता तुमास्नी. आणि ह्या कागदाला."

मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेपासूनचं. 'डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजवा कान उत्तम. कामात कसूर नाही. श्रवणयंत्र देण्याची आणि सहा महिन्यांनी तपासणी करण्याची शिफारस.' त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी खाली सही केली, केरबा दादू पोवार, आणि उठले नाहीत. बसूनच राहिले.

"काय तात्या?"

"खालचा पाव ऱ्हायला की!"

मला हसू आलं. मी म्हणालो, "तात्या, तुम्ही वाजवता म्हणून मी रात्री झोपतो."

ते खूश झाले. "ह्यो पाव जरा ज्यादाच ग्वाड झाला," असं म्हणत, मान हलवत बाहेर गेले.

त्या दिवसापासून मी एक नेम पाळला. तात्यांशी बोलायचं असलं की वळसा घालून त्यांच्या उजव्या हाताला उभं राहायचं. जेवायला बसतानाही उजवीकडं. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. तात्यांच्या आलं असणार, पण ते कधी बोलले नाहीत. आठल्येबाईंचं शिकवणं वाया गेलं नाही, असं मला तेव्हा वाटायचं. श्रवणयंत्राचं मी दोनदा विचारलं. बाई म्हणाल्या, पुण्याला पाठवलंय.

त्याच आठवड्यात माझाही फॉर्म भरला गेला. आमचे वर्क्स मॅनेजर इंगवले साहेब. त्यांनी मला वर पाव दिला, "सरनोबत, माणूस तुम्ही सरळ." मग वडा दिला, "पण माल वेळेवर काढण्यात कमी पडता. ट्रक उभा राहतो आणि तुमचं वाजवणं चालूच. जरा हात चालवायला शिका. नाहीतर पुढच्या जागेसाठी मला तुमचं नाव घेता येणार नाही." मग फोन वाजला आणि खालचा पाव राहिला. वडा बरेच दिवस पोळत होता.

जूनमध्ये माल परत आला.

एकोणीस ड्रम. सगळे तडकलेले. गिऱ्हाईक कंपनीनं ट्रॅक्टरला बसवायच्या आधी तपासले म्हणून बरं, नाहीतर माणूसच मेलं असतं. त्यांचं पत्र आलं, की जबाबदार कोण ते आठ दिवसांत कळवा, नाहीतर पुढचं काम विसरा. इंगवले साहेबांचा चेहरा त्या दिवशी भट्टीसारखा झाला होता. फाउंड्रीत कुजबुज सुरू झाली. केरबाच्या हातातनं? शक्य न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता मला साहेबांच्या खोलीत बोलावलं. तात्या आधीच येऊन बसले होते. टेबलापुढं तीन खुर्च्या होत्या आणि ते मधल्या खुर्चीवर होते, पाठ ताठ, टोपी मांडीवर. समोर इंगवले साहेब. त्यांच्या शेजारी आठल्येबाई, पुढ्यात फायलींचा ढीग घेऊन. टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर परत आलेला एक ड्रम. मी तात्यांच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बसलो.

"बघा केरबा," साहेब खणखणीत आवाजात म्हणाले. "ठिपका आहे. म्हणजे तुम्ही पास केलेला."

तात्या उठले. त्यांनी ड्रम दोन्ही हातांनी तिरका केला, आत बघितलं, बाहेर बघितलं. अंगठा ठिपक्यावर फिरवला. ठिपका ड्रमच्या बाहेरच्या अंगाला होता. चांगला रुपयाएवढा, आणि खाली ओघळलेला.

मी तो आत शिरतानाच ओळखला होता.

मार्चची एकतीस तारीख. त्या वर्षी जोतिबाची चैत्री यात्रा नेमकी तेव्हाच आली होती. तात्यांच्या भावकीकडं देवापुढं गावची उंच सासनकाठी नाचवायचा मान, त्यामुळं यात्रेला तात्या डोंगरावर, वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्यांची तीन दिवसांची रजा मीच मंजूर केलेली. आणि इकडं वर्षअखेर. दोनशे चाळीस ड्रम वाजवायचे पडलेले, दारात ट्रक, आणि दर अर्ध्या तासानं साहेबांचा फोन, "सरनोबत, झालं का? बघा हं, मी तुमच्या फॉर्ममध्ये काय लिहिलंय." मी हातोडी घेतली. वीस-पंचवीस नग वाजवले. माझा कान काही तात्यांचा कान नव्हे. टण्ण आणि थड यांच्या मधले पन्नास आवाज मला एकसारखेच वाटायला लागले. मग मी हातोडी खुंटीला अडकवली आणि कुंचला घेतला. भराभर, बाहेरूनच, उभ्या उभ्या दोनशे ठिपके दिले. तीन वाजता ट्रक गेला. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली. आता वाटतं, तेव्हाच हात झडला असता तर बरं झालं असतं.

ड्रमवर तारीख नसते, फक्त महिना ओतलेला असतो. मार्च. मार्चमध्ये सात ट्रक गेले होते. कुठला ड्रम कुठल्या ट्रकचा, हे कागदावरून कुणालाच सांगता आलं नसतं. फक्त ठिपक्यावरून सांगता आलं असतं, आणि ती लिपी वाचणारी माणसं दोनच. दोन्ही त्या खोलीत शेजारी शेजारी बसलेली.

तात्यांनी ड्रम खाली ठेवला आणि ते खुर्चीवर बसले. "ह्यो ठिपका माझा न्हाई."

"मग कुणाचा?"

माझ्याकडं तात्यांनी बघितलंही नाही. मग अगदी हळू, आपल्याच घरातलं काही सांगावं लागतंय अशा आवाजात म्हणाले, "आमच्या साहेबास्नी ठावं असंल. त्यास्नी इचारा."

"बोला सरनोबत," इंगवले माझ्याकडं वळले.

भट्टीचा पंखा भिंतीपलीकडं घुमत होता. फाउंड्रीत सगळे ओरडून बोलतात, मीसुद्धा. तशी सवयच होऊन जाते. त्या दिवशी मी मान खाली घातली आणि देवळात बोलावं तसं बोललो.

"त्यांचा डावा कान गेलाय. दोन वर्षं झाली. डिसेंबरच्या फॉर्ममध्ये मी लिहिलंय तसं."

आठल्येबाईंनी चमकून माझ्याकडं बघितलं. मग ढिगातून फॉर्म काढला, वाचला आणि क्षणभर तो हातातच धरून ठेवला. इंगवल्यांनी हात पुढं केला तेव्हा त्यांना द्यावाच लागला. साहेबांनी दोन्ही पानं वाचली. खालची सही बघितली.

"हा फॉर्म यासाठी नव्हता सर," बाई साहेबांकडं झुकून हळूच म्हणाल्या.

"मग कशासाठी होता?"

साहेबांनी फॉर्म पालथा घातला आणि तात्यांकडं बघून मोठ्यानं विचारलं, "केरबा, सरनोबत म्हणतात ते खरं आहे का?"

तात्या माझ्याकडं वळले. पूर्ण वळले, खुर्चीसकट. मी खाली बघत होतो. माझे कान तापले होते, कपाळावर घाम होता. माझ्या ओठांतून काय निघालं ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, हे मला कळत होतं. त्यांना दिसला तो मान खाली घातलेला, घामाघूम झालेला माणूस. असा माणूस काय कबूल करत असेल, हे त्यांनी आपल्या मनानं ताडलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. ते हसले. माझ्या गुडघ्यावर त्यांनी हलकेच थापटलं आणि साहेबांकडं वळले.

"व्हय साहेब. त्ये म्हणत्यात त्येच खरं. आमचं साहेब खोटं बोलायचं न्हाईत. त्यांच्यावर रागावू नगासा. हुतंय मानसाकडनं."

"त्यांच्यावर कशाला रागावू?" इंगवले म्हणाले. "ठीक आहे. जा तुम्ही."

तात्या उठले, टोपी घातली, दोघांना नमस्कार केला आणि बाहेर गेले. जाताना मला म्हणाले, "मी हाय बाहीर." म्हणजे मला काही सुनावलं गेलं, तर धीर द्यायला ते थांबणार होते.

त्या क्षणी मला उठता आलं असतं. त्यानंतरही बऱ्याच वेळा. दुपारी, संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी सकाळी. खोलीत तर मी आणखी पाच मिनिटं बसून होतो. मी तोंडात मिठाची गुळणी धरली. साहेब म्हणाले, "तुम्ही वेळेवर लिहून ठेवलंत हे बरं केलंत सरनोबत. निदान गिऱ्हाईकाला दाखवायला कागद आहे." चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असं आपण म्हणतो. इथं चोरानं सुंदर अक्षरात संन्याशाची शिफारस केली होती.

आणि गंमत बघा. त्या खोलीत मी एकही खोटा शब्द बोललो नाही.

दोन दिवसांनी तात्यांपुढं कागद आला. मथळा होता, 'स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज'. तीन वर्षं राहिली होती. त्यांनी आठल्येबाईंना विचारलं, की बाई, माझी इच्छा तर न्हाई, मग ह्यो अर्ज माझा कसा? तेव्हा बाईंनी त्यांच्या उजव्या बाजूला बसून त्यांना सगळं सांगितलं. मी काय बोललो ते, शब्दन्‌ शब्द. हे बाईंनीच मला नंतर सांगितलं. तीन महिन्यांत त्या नोकरी सोडून पुण्याला परत गेल्या. जाताना माझा निरोपही घेतला नाही.

तात्यांनी सही केली. विभागात आले, हातोडी खुंटीला अडकवली, कुंचला रॉकेलमध्ये धुऊन पुसून ठेवला. मी केबिनच्या काचेतून बघत होतो. त्यांनी काचेकडं बघितलं नाही. पोरं भोवती जमली होती, पण कुणी पुढं होत नव्हतं, कारण बातमी तोवर सगळीकडं झाली होती. केरबाचा कान गेला हुता. लपवलं त्यानं. तडकलेला माल त्यानंच सोडला. अठ्ठावीस वर्षं ज्या माणसाच्या कानाची शपथ घ्यायचे, त्याच्या नावानं आता म्हातारे कामगारसुद्धा चुकचुकायला लागले. नोकरी गेली ती गेली, माणसाचं नावही गेलं.

महिन्याभरानं, श्रावणातल्या एका रविवारी, मी तात्यांच्या गावी गेलो. खिशात एक डबी होती. श्रवणयंत्र. शहरातल्या चांगल्या दुकानातून, स्वतःच्या पैशानं घेतलेलं. बायकोला सांगितलं होतं, की कंपनीनं दिलंय. छे, हे चुकलं. तिनं विचारलंच नव्हतं, आणि मी काही सांगितलंच नव्हतं.

तात्या सोप्यात बसून म्हशीचं दावं वळत होते. मला बघून त्यांनी दावं बाजूला ठेवलं. "या," म्हणाले. मी घोंगड्यावर टेकायला लागलो तर हातानं दाखवलं, "तिकडं नगं. हिकडं बसा. उजवीकडं." वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा आणून दिला आणि त्या आत गेल्या. मी डबी काढून मधे ठेवली. ती काय आहे ते सांगितलं. तात्यांनी ती उघडली, बघितली, परत बंद केली.

"ह्ये तुमी न्या साहेब. मला आता काय ऐकायचं ऱ्हायलंय? म्हशीला काय पायजे असलं तर ती अंगावर येऊन सांगती."

"तात्या, मला तुम्हाला सांगायचंय—"

"थांबा." त्यांनी हात वर केला. "बाई म्हणायच्या नव्हं, खालच्या मानसानं बी वरच्याला सांगावं म्हणून? आज मी तुमचा फारम भरतो."

ते हसत नव्हते. रागावलेलेही दिसत नव्हते. नग आकड्याला टांगल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता.

"अकरा वर्सांत तुमी मला कवा 'अरे केरबा' म्हणाला न्हाईसा. तात्या म्हणालासा. पोरांच्या देखत मान दिलासा. कान गेलाय म्हणून कळल्यावर कुनाला पत्ता न लागू देता उजवीकडनं बोलाय लागलासा. माझ्या सख्ख्या भावानं बी येवढं केलं नसतं. ह्यो झाला वरचा पाव."

मी मान हलवली.

"ठिपका तुमी मारलासा. त्येचा वडा मी करत न्हाई. मानूस हाय, वरनं कुनीतरी रेटतंय, हुतंय. नोकरी गेली, त्येचा बी करत न्हाई. तुमालाबी पोरंबाळं हाईत." तात्यांनी परत दावं हातात घेतलं. "त्या दिवशी मी मधल्या खुर्चीवर बसलो हुतो. दाराजवळची खुर्ची मोकळी हुती. माझ्या उजव्या हाताची. तुमी आत आलासा, ती खुर्ची बघितलासा, आणि माझ्या पाठीमागनं वळसा घालून डावीकडं जाऊन बसलासा."

बस. एवढंच.

बारा वर्षांत मी या वाक्याला उत्तर शोधलंय. घाईत होतो, ध्यानात नव्हतं, खुर्ची दिसली नाही. एकही टिकत नाही. ती खुर्ची मला दिसली होती. तिच्या पाठीवर मी हातसुद्धा ठेवला होता.

मी बसून राहिलो. तात्या दावं वळत राहिले. पीळ घालायचे, गुडघ्याखाली दाबायचे, परत पीळ. मी वाट बघत होतो. रीत त्यांनाच माझ्याहून जास्त माहीत होती. त्यांनीच तर सांगितलं होतं. काहीही म्हणाले असते तरी मला चाललं असतं. अक्षर चांगलं आहे म्हणाले असते. एवढ्या लांब आलात म्हणाले असते. चहा घ्या, गार होतोय, एवढं म्हणाले असते, तरी मी ते खालच्या पावासारखं हातात धरून घरी नेलं असतं.

दावं वळून झालं. त्यांनी ते ओढून बघितलं, खांद्यावर टाकलं आणि उठून गोठ्याकडं गेले. मागं वळून बघितलं नाही. म्हशीशी काहीतरी बोलल्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

मी तसाच बसलो होतो. चहावर साय धरली. वहिनी कप न्यायला बाहेर आल्या आणि मला बघून दारातच थबकल्या.

"अगंबाई, साहेब! तुमी अजून हितंच? त्ये तर मगाशीच शेताकडं गेलं की." त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "आणि काय ऱ्हायलंय का द्यायचं?"

"नाही वहिनी," मी डबी खिशात घालत म्हणालो. "काही नाही राहिलं."

या सगळ्या प्रकरणात तोंडानं बोललेलं खोटं माझ्याकडून झालं, ते एवढंच.